पान अकरावरची चूक

मोताळा,
१२ जून १९६७

पंजाब,

जयभीम. नागपूरच्या खोलीत मी जयभीम म्हणायचो, तू रामराम म्हणायचास आणि दोघांचंही भागायचं. तेवढं अजून भागेल असं धरून चालतो.

तुझं पत्र परवा मिळालं. सहा वर्षांनी. आमचा पोस्टमन इंद्रभान माझ्याच वस्तीतला. पाकीट हातात द्यायच्या आधी त्यानं ते दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, मुंबईहून आलं हाय. कोनी गेलं का काय?" म्हटलं, "नाही बाबा, गेलेला परत आलाय."

चार वेळा वाचलं. म्हणजे तुझे लेख एकत्र करून तुमची संस्था पुस्तक काढते आहे. त्यातला मुख्य सिद्धान्त १९६२चा. आणि आता तू लिहितोस की त्या लेखातली पान अकरावरची पायरी, जिच्यावर बाकीचा सगळा डोलारा उभा आहे, ती मीच १९६० साली तुला पत्रानं कळवली होती. म्हणून पुस्तकावर दोघांची नावं घालायची. सोबत त्या लेखाची प्रत आणि संमतीचा छापील कागद. ऑगस्टअखेर सही करून पाठवायचा.

घोडं गंगेत न्हालं म्हणायचं! १९६२चा तो लेख मी अमरावतीला जाऊन वाचनालयात उभ्यानं वाचला होता. शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती, 'एका मित्राचे आभार.' मित्राला नाव नव्हतं. एस.टी.नं परत येताना ठरवलं की या माणसाला पुन्हा पत्र लिहायचं नाही, आणि ते पाळलं. माझ्या हातून पाळल्या गेलेल्या गोष्टी थोड्याच आहेत.

माझं म्हणशील तर बाप गेल्यावर नागपूर सुटलं ते सुटलंच. इथल्या शाळेत आठवी ते अकरावीला गणित शिकवतो. फळा तोच, प्रमेयं तीच, माझा आवाज तेवढा बसत चाललाय. आई जनकाबाई आहे, तिचे कान गेलेत. बायको अन्नपूर्णा, तू तिला पाहिलेलं नाहीस. चौथी शिकलेली आहे, पण तिला फसवणं मला अजून जमलेलं नाही.

कागद पाहून तिनं विचारलं, "तुमी दोघायनं मिळून असं केलं तरी काय होतं?"

सात वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बसवलं तिला. म्हटलं, समज आपल्या गावाच्या दोन वह्या आहेत. एक तू लिहिलीस, एक कोणा तिऱ्हाइतानं. दोघांनी माणसांची नावं न लिहिता आपापले आकडे दिले. वहीला विचारलं, हा त्याच्या पुढं का मागं, तर वही लगेच सांगते. गाव तेच, घडण तीच, फक्त आकडे वेगळे. आता तुझ्या वहीतला सतरा म्हणजे त्याच्या वहीतला कितवा? हे सांगायची एखादी ठरलेली रीत आहे का? अक्कल न चालवता, घाण्याच्या बैलासारखं फिरत राहिलं तरी बरोबर जोड्या लावून देणारी रीत? काही घडणी अशा असतात की कोणत्याही दोन वह्या आणा, रीत सापडतेच. काही अशा असतात की जुळणी तर असते, पण ती शोधून काढायची रीत नसते. कोणत्या घडणीला रीत असते आणि कोणत्या नसते, एवढाच आमचा धंदा होता.

ती म्हणाली, "गावात जाऊन ईचारून घ्यायचं ना. सतरा नंबर कोन म्हून."

म्हटलं, "गाव संपत असेल तर विचारता येतं. आमची गावं संपत नाहीत."

"मंग तुमाले अशी रीत सापडली?"

"सापडली," मी म्हणालो. "ज्या रांगेत प्रत्येकाच्या पुढं मोजकीच माणसं असतात, अशा सगळ्या रांगांसाठी सापडली."

हे बोलताना मला किती बरं वाटलं ते तुला सांगायला हरकत नाही. बाकी सहीचं पाहतो. इतकी वर्षं तू घेतलीस, दोन महिने मी घेतो.

भाऊराव


मोताळा,
३ जुलै १९६७

पंजाब,

सही राहिलीच. शाळा सुरू झाली, वेळापत्रकं लावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. शिवाय पेन गळतंय.

इकडं मात्र तुझ्या कागदानं धुमाकूळ घातलाय. अन्नपूर्णेनं नळावर विमलबाईला सांगितलं, विमलबाईनं बाकीच्या गावाला. आमचे हेडमास्तर गुलाबराव यांनी प्रार्थनेनंतर जाहीर करून टाकलं की हिवराळे सरांचं नाव मुंबईच्या पुस्तकावर येणार. आठवडी बाजारात वांगी घेताना एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "मास्तर, पुस्तकात फोटो बी येईन का?" आईला ऐकू येत नाही, म्हणून तिला पाटीवर लिहून दाखवलं. तिनं माझं नाव ओळखलं, पाटी जवळ ओढली, आणि पुसू देईना. दोन दिवस पाटी तिच्या उशाशी होती.

मी पान अकरा पुन्हा काढून पाहतोय. सवय, दुसरं काय. शिक्षक माणूस, उत्तर माहीत असलेली गणितंही तपासत बसतो. तिसऱ्या ओळीत 'आता त्याच्या लगतचा घटक घ्या' असं आहे. ते तू आता व्याख्यानात कसं समजावतोस, तेवढं कळव. घाई नाही.

तुझे थोरले बंधू रामराव उंद्रीलाच असतात का? उगाच विचारलं.

भाऊराव


मोताळा,
१९ जुलै १९६७

पंजाब,

तुझं उत्तर आलं. 'लगतचा म्हणजे लगतचा. त्यात समजवायचं काय?' मलाही हेच उत्तर हवं होतं आणि याचीच भीती होती.

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं वागलो. पेन गळत नाही. चूक मला २५ जूनलाच दिसली होती. त्या दिवशी इंद्रभानच्या बहिणीचं लग्न होतं. वस्तीतलं लग्न, अंगणात पंगत बसलेली. मी इंद्रभानच्या चुलत्याशेजारी, नारायणराव त्यांचं नाव, मांडीला मांडी लावून बसलो होतो. पत्रावळी पडल्या. तेवढ्यात धामणगावचे पाहुणे आले. "सरका हो मास्तर," म्हणून एकाला आमच्या मध्ये बसवलं. वरण आलं. आणखी चौघं आले. "सरक ना बे, जागा तं लय हाय!" असं करत हसत-ओरडत त्यांनाही मध्ये घुसवलं. भात येईतो नारायणराव माझ्यापासून पाच माणसं लांब गेले होते आणि तिकडून मान वाकडी करून मला म्हणत होते, "मास्तर, आता सांजी पारावरच भेटू!" सगळे हसले. मीही हसलो, आणि तोंडात घास तसाच राहिला.

आपण रीत काय सांगितली होती? पहिल्या वहीतला सगळ्यांत पुढचा घ्या, दुसऱ्या वहीतला सगळ्यांत पुढचा घ्या, जोडी लावा. मग त्यांच्या लगतचे घ्या, जोडी लावा. असंच पुढं चालत राहा. पण वही सांगते काय? हा त्याच्या आधी का नंतर, एवढंच. या दोघांच्या मध्ये कोणीच नाही आणि कधी कोणी येणार नाही, हे वही सांगत नाही. ते कळायला वही शेवटपर्यंत वाचावी लागते, आणि तिला शेवट नाही. 'लगतचा' हा शब्द आपण फुकटात वापरला. अपूर्णांकांच्या रांगेत गोष्ट उलटी. तिथं कोणत्याही दोघांच्या मध्ये कोणी ना कोणी असतोच; थोडं थांबलं की सापडतो आणि जुळणी बिनघोर पुढं जाते. जिथं मध्ये माणूस हमखास असतो तिथं रीत आहे. जिथं तो येईल का नाही याचा भरवसा नाही, तिथं आपण रीत आहे म्हणून छापलं.

केवळ पायरीच चुकली असती तर दुसरी पायरी शोधली असती. पण सिद्धान्तच खोटा आहे. पाहा. एक वही सरळ: एक, दोन, तीन, चार. दुसरी मी अशी भरतो. सम आकडे ओळीनं बसवायचे, विषम हाताशी राखून ठेवायचे. जगातल्या सगळ्या यांत्रिक रीतींना क्रमांक द्यायचे आणि त्या चालवत बसायचं. पाचव्या क्रमांकाची रीत कधी काळी काम संपवून थांबलीच, तर त्या क्षणी दहा आणि बारा यांच्या मध्ये एक राखीव विषम आकडा बसवून द्यायचा. नाही थांबली तर दहा-बारा शेजारीच. सहावीसाठी बारा-चौदा, सातवीसाठी चौदा-सोळा. दोन्ही रांगा एकाच घडणीच्या. पण ज्याच्या हाती त्यांची जुळणी करायची रीत आली, त्याला दहा आणि बारा यांचे जोडीदार सरळ वहीत लागोपाठचे आहेत का एवढं पाहून मध्ये कोणी बसलंय का नाही हे सांगता येईल, म्हणजे कोणतीही रीत थांबणार का नाही हेही सांगता येईल. तसं सांगणारी रीत असूच शकत नाही. हे तीस वर्षांपूर्वी सिद्ध झालंय, आणि नागपूरला तूच मला ते शिकवलंस.

पाच वर्षं मी मनात घोकत होतो, माझं ते मला द्या, माझं ते मला द्या. आता मिळतंय, तर ते हे असं निघालं.

आणि आता लिहायलाच बसलोय तर दुसरंही लिहितो. मी तुझ्याशी बोलणं सोडलं ते त्या 'एका मित्रा'मुळे नाही. लोकांना तसं सांगत आलो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मे १९६१. उंद्रीला रामरावांचं लग्न. तू हट्टानं बोलावलंस, पंगतीत तुझ्या शेजारी बसवलंस. तुझे कडूबा काका आले. तोंडानं एक वाकडा शब्द बोलले नाहीत. "जरा सरका हो, पाव्हने हायेत," म्हणून एक माणूस आपल्या दोघांच्या मध्ये बसवला. मग दुसरा. मग तिसरा. दर वेळी मी सरकत गेलो. सरकता सरकता बैलांच्या गोठ्याशी पोचलो. तिथं पत्रावळच नव्हती. काका म्हणाले, "तुमी आता दुसऱ्या पंगतीले बसा." मी तुझ्याकडे पाहिलं. तू बुंदीचे दाणे एकेक करून खात होतास. तुला कळत होतं, पंजाब. तू मान वर केली नाहीस.

मी उठलो, बाहेर आलो आणि चिखलीपर्यंत चालत गेलो. ऊन होतं. दुसरी पंगत जेवायला थांबलो नाही, याचा मला आजही आनंद आहे.

आमच्या अंगणातही लोक मध्ये घुसले आणि तुमच्या अंगणातही. आमच्याकडं मला गंमत वाटली. पण तुमच्याकडचं आठवायचं टाळत राहिलो, म्हणून कदाचित ही पायरी सात वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

सही केलेली नाही.

भाऊराव


मोताळा,
१४ ऑगस्ट १९६७

पंजाब,

तुझ्या पत्रात पान अकराबद्दल दीड पान आहे आणि उंद्रीबद्दल एक ओळ. 'त्या दिवशी मी भ्यालो, अजून लाज वाटते.' ती ओळ मी अन्नपूर्णेला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एकच हाय, पन खरी हाय." तर ती मी ठेवून घेतली.

बाकीच्या दीड पानाचं काय करू? तू म्हणतोस ऑक्टोबरात वरच्या जागेसाठी तुझी मुलाखत आहे. पुस्तक तोवर हातात हवं. पान अकरा कोणी वाचत नाही, लोक प्रस्तावना वाचतात. मी सही करावी, दुरुस्ती आपण दुसऱ्या आवृत्तीत करू. आणि शेवटी, 'भाऊ, तुझं नाव पहिल्यांदा छापून येतंय, ते असं घालवू नकोस.'

हे शेवटचं तू लिहायला नको होतंस. कारण मी आठ दिवस तेच मनाशी म्हणतोय.

खरं सांगतो, सही करायला बसलो होतो. परवा दुपारी, आई झोपली असताना. पेन उघडलं. 'भा' लिहिला. मला वाटलं, कोणाचं काय बिघडतं? कोणाच्या शेतातलं पाणी तोडायचं नाही, कोणाची भाकर हिसकायची नाही. एक खोटी ओळ आहे, ती जगात पाचपन्नास लोक वाचतील. गावात माझ्याकडं पाहून लोक थांबतात हल्ली. मी थकलोय रे. या एका गोष्टीसाठी मी इतका थकलोय की ती खोटी असली तरी चालेल असं मला वाटलं.

अन्नपूर्णा दारात उभी होती. म्हणाली, "सही कायची करता? तुमीच तं म्हनता चुकीचं हाय."

म्हटलं, "तूच सगळ्या गावाला सांगून आलीस ना नाव येणार म्हणून? आता काय तोंड दाखवशील?"

"माह्या तोंडाचं मी पाहीन," ती म्हणाली. "पोरायले तुमी एक चूक झाली तं पुरं गनित खोडाले लावता. चार पोरी रडत जातात घरी. अन् सोता?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. गणित खोडायला लावणारा मास्तर म्हणून माझी ख्याती आहे, ती आता माझ्याच अंगावर आली.

कागद सोबत परत पाठवतो. त्यावर 'भा' आहे, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मी सही करणार नाही. मी संपादकांना लिहिणार नाही, तुमच्या संस्थेला लिहिणार नाही, तुझी मुलाखत मोडायला मी मुंबईत येणार नाही. पुस्तक तुझं आहे, ते छापायचं का नाही ते तू ठरव. मी हे चांगुलपणानं म्हणत नाही. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायची ताकदही नाही.

गुलाबराव सरांना काय सांगायचं ते पाहतो. पुस्तक लांबलं म्हणेन. पुस्तकं लांबतातच.

भाऊराव


मोताळा,
२७ फेब्रुवारी १९६८

पंजाब,

गणिताच्या नियतकालिकाचा अंक तू पाठवलास. वर तुझी चिठ्ठीही नाही, नुसता अंक, आणि एका पानावर दुमड. तिथं तू लिहिलंस:

'१९६२च्या लेखातील पान अकरावरील पायरी चुकीची असून मुख्य सिद्धान्त मागे घेत आहे. चूक सर्वस्वी माझी आहे. खालील प्रतिउदाहरण श्री. भाऊराव हिवराळे, मोताळा, जिल्हा बुलढाणा यांचे आहे.'

आणि खाली माझी सम-विषमची रांग, स्वच्छ, एक पान.

इंद्रभानच्या साडूचा भाऊ मुंबईत तुमच्या संस्थेच्या कॅन्टीनमध्ये आहे. त्याच्याकडून कळलं की पुस्तक तू थांबवलंस आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. तू मला हे लिहिलं नाहीस. मी इथं खोलीत बसून बराच वेळ अंक मांडीवर घेऊन होतो. अन्नपूर्णा पाणी ठेवून गेली. मला तुझं फार वाईट वाटलं. मुलाखतीला तू गेला असशील, त्यांनी पुस्तकाचं विचारलं असेल, आणि तू तुझ्या त्या संथ आवाजात सगळं सांगितलं असशील. नागपूरला मेसवाल्यानं एक भाकरी जास्त वाढली तरी तू त्याला सांगायचास. मधली काही वर्षं मी तो पंजाब विसरलो होतो.

पण आता पुढचं ऐक.

अंक आला ते गुलाबराव सरांना कळलं. त्यांनी डिक्शनरी घेऊन ते इंग्रजी पान लावलं आणि त्यांना एवढंच समजलं की मुंबईच्या डॉक्टरची चूक मोताळ्याच्या मास्तरनं काढली. झालं! परवा रविवारी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार. शेला, नारळ, सरपंच, दोन खुर्च्या हातांच्या आणि बाकी सतरंजी. सर माझ्याबद्दल बोलले आणि तुझ्याबद्दलही बोलले. "मोठमोठे पंडित जिथं घसरले, तिथं आमच्या हिवराळे सरांनी पाय रोवला!" टाळ्या. पुढं म्हणाले, "मुंबईवाल्यांना आता कळलं असेल, वऱ्हाडात काय पिकतं ते!" आणखी टाळ्या. वस्तीतले लोक तर आनंदानं वेडे झाले होते. इंद्रभान उभा राहून ओरडत होता. कोणी तरी कोणावर तरी सूड उगवला असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी कसं म्हणू?

मला बोलायला उभं केलं. मी सरळ सांगितलं. "मंडळी, ही चूक पंजाबरावांची नाही. ती पायरी मीच त्यांना पत्रानं कळवली होती. चूक माझी आहे. मी माझीच चूक शोधली, तीही सात वर्षांनी."

मला वाटलं, चला, पडलं एकदाचं. तेवढ्यात गुलाबराव सर पुढं आले, माझा खांदा धरला आणि लोकांना म्हणाले, "पाहा! मन किती मोठं! मित्राची चूक स्वतःच्या अंगावर घेतात!"

कधी नव्हे एवढ्या टाळ्या पडल्या. आईनंही वाजवल्या, तिला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं तर सरपंचांनी नारळ हातात दिला. सगळ्या पटांगणात टाळ्या न वाजवणारी एकटी अन्नपूर्णा होती.

घरी येताना म्हणाली, "त्या लोकायले सांगून काय होनार? ज्यायनं छापलं त्यायले सांगा."

म्हटलं, "शेला परत करावा लागेल."

"करा मंग. तसाबी टोचते तो."

म्हणून काल संपादकांना पत्र टाकलं. तुला न विचारता. त्याची नक्कल इथं उतरवतो.

'मागील अंकातील श्री. पंजाबराव यांच्या दुरुस्तीत दुरुस्ती हवी. पान अकरावरील चुकीची पायरी मी त्यांना १९६० साली पत्राने कळवली होती. त्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्या वहीत आहे. त्यांनी ती तपासली नाही एवढी त्यांची चूक. पायरी माझी, म्हणून चूकही माझी. प्रतिउदाहरणाबरोबर तीही माझ्या नावावर नोंदवावी. भाऊराव हिवराळे, मोताळा, जिल्हा बुलढाणा.'

छापतील का नाही कोणास ठाऊक. विचारतील, तेव्हा तू हो म्हण. माझ्या भल्यासाठी नाही म्हणशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तू हे माझ्यावरच्या प्रेमानं केलंस, मला कळतं. रडू आलं तेही सांगतो. पण रागही आला, आणि तो प्रेमापेक्षा कमी नव्हता. गणित बरोबर आहे असं वाटत होतं तेव्हा तू मला 'एक मित्र' म्हणालास. चुकीचं निघालं तेव्हा माझं नाव, गाव, जिल्हा सगळं छापलंस आणि चूक तेवढी काढून घेतलीस, लेकराच्या हातून विळा काढून घ्यावा तशी. शाबासकी मला, मार तुला. असं आपण कोणाशी वागतो? लहानांशी, दुबळ्यांशी, ज्यांचं आपण काही देणं लागतो त्यांच्याशी. नागपूरच्या खोलीत असं नव्हतं. तिथं तू माझी वही फाडायचास, मी तुझी फाडायचो.

तुझी जागा गेली, त्याचं मी काही करू शकत नाही. माझा शेला जाईल, त्याचं तू काही करू नकोस. लोक हसतील, गुलाबराव सर चार महिने बोलणार नाहीत, इंद्रभान पत्रं लांबून फेकेल. ते सगळं मी पाहून घेईन. मला मोठा करू नकोस, सांभाळू नकोस. मला माझ्या नावानं चुकू दे, पंजाब.

भाऊराव